दुपारी लावलेला टीव्ही

लग्न होऊन मी शिरवळला आले तेव्हा मामंजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी बसले होते. पुण्याच्या एका साहेबाचा वापरलेला टीव्ही त्यांनी आणला होता. लाकडी कपाटातला, सरकत्या दाराचा, कुलूप लागणारा. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मे महिन्यात माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला, तो कॉम्प्युटर घेऊनच. टाइपरायटरसारखाच दिसायचा, पण कागद नाही. टाइप केलेलं टीव्हीच्या काचेवर उमटायचं. साताऱ्याला माहेरी टीव्ही नव्हता, म्हणून ते धूड मांडीवर घेऊन तो एसटीनं आमच्याकडे आला.

"दुपारी टीव्ही लागत न्हाई, पाव्हणं," मामंजी म्हणाले. "दुपारी टीव्ही केंद्रात कुनी नसतंय."

"म्हणूनच दुपारी लावायचा," भाऊ म्हणाला.

किल्ली निघाली. भावानं टीव्हीमागची अँटिनाची चपटी तार सोडवून जमिनीवर टाकली आणि तिथं आपल्या यंत्राची तार जोडली.

"आवं, अँटिना काढल्यावर चित्र येनार कुठनं?"

"या यंत्रातून."

"आन यंत्रात कुठनं?"

भावानं यंत्राचं बटण दाबलं. टीव्हीत आधी मुंग्या आल्या, मग तिरप्या रेघा वर वर पळू लागल्या. "अँटिना हलली आसंल," म्हणत मामंजी शिडीवरून गच्चीत गेलेसुद्धा.

"आलं का?" वरून हाक.

त्याच क्षणी भावानं टीव्हीमागचं बटण पिळलं. रेघा थांबल्या, अक्षरं उभी राहिली.

"आलं, आलं!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या.

"मग मी अँटिनाचा पाइप धरून ऱ्हातो. कुनी हलू नका!"

भावानं अंगणात जाऊन सांगितलं की तार खाली सुटी पडली आहे. मामंजींनी खात्री करायला पाइप सोडला. नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडलं आणि चित्र थरथरलं. मामंजींनी पाइप पुन्हा घट्ट धरला.

यंत्र नाव विचारत होतं. सांगितलेल्या नावानं ते पडदाभर सलाम करणार होतं.

"मावशी, सुभेदारांचं नाव तुम्हीच सांगा," भाऊ म्हणाला.

"यंत्राम्होरं नाव घ्यायचं?" आत्याबाई लाजल्या. मग उठून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीपुढं उभ्या राहिल्या. "कोयनेच्या विजेवर चालतंय यंत्र," आणि मामंजींचं नाव घालून, "हाच माझा मंत्र." भावानं फक्त नाव तेवढं टाइप केलं. वीसेक ओळी भरून आल्या, प्रत्येकीत सुभेदारांना सलाम.

"आवं, तुमचं नाव आलंय टीव्हीवर!"

वरून आवाज आला, "स्पेलिंग बरोबर हाय का?"

"तुम्हीच येऊन बघा की!" मी म्हटलं.

"ड्यूटी सोडून येता येत न्हाई. बदली पाठवा."

बदली म्हणून मी गेले. मी बीएस्सी, फिजिक्स. त्यांनी तापलेल्या पाइपाला आपला टॉवेल गुंडाळून दिला. "आसं धर. त्वांड पुण्याकडं." आणि ते खाली उतरले.

कशालाच न जोडलेला पाइप दोन्ही हातांनी धरून मी भर उन्हात उभी होते. खाली टाचा जुळल्याचा आवाज आला. त्यांनी टीव्हीला उलट सलाम ठोकला होता, हे आत्याबाईंनी नंतर सांगितलं. तेवढ्यात शेजारची पिठाची गिरणी घरघरत बंद पडली. वीज गेली होती.

मामंजी अंगणात आले. "सूनबाई, सोडलंस काय गं?"

गिरणीकडं बोट दाखवायला हवं होतं. पण त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांना नाव धड वाचता तरी आलं की नाही कोण जाणे. पुन्हा स्वतः वर येऊन उभं राहायची त्यांची तयारी मला दिसत होती.

"हात भाजला, मामंजी."

"आसू दे. नवी हायस तू."

तासाभरानं वीज आली, पण यंत्राला काही आठवत नव्हतं. भावाची एसटीची वेळ झाली होती. यंत्र पोत्यात गुंडाळून तो निघून गेला.

जूनमध्ये मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आठवीचा पहिलाच तास, धडा विजेचा. फळ्यावर विजेचं मंडल काढून वर्गाकडं वळले, तर एक मुलगी हात वर करून उभी होती.

"बाई, सुभेदारांचं नाव तुमीच घालवलं न्हवं?"

"हो," मी म्हटलं, आणि तार कुठून कुठं जाते ते शिकवायला लागले.