अकोल्यात हुकलेले दोन चेंडू

बडनेऱ्याला गाडी थांबायच्या आधीच डब्याच्या दारातून मला अमोल दिसला. माझा भाचा, प्रभाकरदादाचा मुलगा. मला घ्यायला तो येणार नव्हता, मी ऑटोनं जाईन असं ठरलं होतं. आदल्या दिवशी दादाला अमरावतीच्या दवाखान्यात भेटून मी अकोल्याला परतले होते, कारण घरी यांचे गुडघे धरलेले. सकाळी ऑपरेशन सुरू झालं तशी मीही पहिल्या मिळेल त्या गाडीनं निघाले. मूर्तिजापूरपर्यंत मी अमोलला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, "आत्या, झालं की मीच करतो ना." मग त्यानं फोन केला नाही, तो स्वतः आला… फलाटावर उभा होता, हेल्मेट हातात धरून. माझ्या हातातली पिशवी त्यानं घेतली आणि म्हणाला, "चाल आत्या, घरीच जाऊ." दवाखान्यात नाही, घरी. मी त्याच्यामागे गाडीवर बसले.

मी मुळात घोर लावून घेणारी बाई. यांच्या भाषेत, आभाळ कोरडं असलं तरी वाळवण उचलणारी. पण हा घोर मला लावला तो दादानंच, तोही बास्केटबॉलपायी. आमचे वडील अमरावतीला शाळामास्तर, घरात खेळाचं कोणाला वेड नाही. दादाला मात्र गल्लीतल्या मोठ्या मुलांनी मैदानावर नेलं आणि तो तिथलाच झाला. सिमेंटचं कोर्ट, उन्हाळ्यात पाय भाजायचे, तरी हा पठ्ठ्या दुपारी चारला हजर. त्याचा सदरा आणि घड्याळ सांभाळायला मी कडेला बसायचे. तो चेंडू घेऊन निघाला की बाकीचे नुसते बघत राहायचे. दोघांच्या मधून कधी गेला ते त्या दोघांनाही कळायचं नाही. अमरावतीत लोक म्हणायचे, "प्रभ्या हाय ना, मंग काय." हे वाक्य ऐकलं की मी त्याचं घड्याळ मुठीत घट्ट धरायचे. सगळ्यांनी एकाच माणसावर इतकं निर्धास्त असावं, हे मला तेव्हाही बरं वाटत नसे.

माझं लग्न होऊन मी अकोल्याला गेले आणि त्याच वर्षी अमरावती-अकोला फायनल अकोल्यात आली. सासरचं अख्खं घर बघायला गेलं, सासूबाईसुद्धा, चिवड्याचा डबा घेऊन. मी त्यांच्यात बसलेली, माहेरच्यांसाठी टाळी वाजवायची चोरी. अमरावतीचे निम्म्याहून जास्त गुण एकट्या दादाचे होते. अगदी शेवटी आमची टीम एका गुणानं मागे, आणि दादाला कोणीतरी पाडलं. वेळ संपलीच होती. पंचानं त्याला दोन फ्री थ्रो दिले. समोर अडवायला कोणी नाही, रेषेवर एकट्यानं उभं राहून दोन चेंडू मारायचे. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर कप आमचा. अमरावतीची पोरं आधीच नाचायला लागली होती. मी डोळे मिटून घेतले. पहिला रिंगवर आपटल्याचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही… मग दुसराही तसाच आपटला, आणि माझ्या आजूबाजूचं सगळं सासर उठून उभं राहिलं.

त्यानंतर दादा बरंच खेळला, जिंकलाही. पण लोकांनी धरून ठेवलं ते एवढंच. मोठा प्लेअर, पण ऐनवेळी हात गळतात. आमच्याकडे भाऊबीजेला तो यायचा तेव्हा माझे दीर दारातच त्याला गाठायचे. "प्रभाकरराव, ओवाळणीत काही टाकू नका. तुमी आमाले कप देऊन बसले, आता बहिणीले कायचं देता?" दर वर्षी हेच, आणि दर वर्षी सगळे हसायचे. दादाही हसायचा, पाटावर बसायचा. ओवाळताना मला धाक, की आज हा उठून जातो की काय. एकदा दीर आत गेल्यावर मी म्हटलं, "दादा, पुढच्या वर्षी मीच अमरावतीला येते." तो म्हणाला, "काहून? करंजी तर तुह्या सासूच्याच हातची चांगली असते." आणि एकही भाऊबीज त्यानं चुकवली नाही. तेव्हा मला वाटायचं, याला मनाला लागतच नाही. मग वाटायचं, इतकं लागलंय की दाखवतच नाही. दोन्हींतलं कोणतं खरं, हे मला त्याला कधी विचारता आलं नाही.

शाळेत खेळाचा मास्तर म्हणून तो रिटायर झाला आणि जुन्या मैदानावर मुलींना शिकवायला लागला. अमोल त्याला मोबाइलवर अमेरिकेतले सामने दाखवायचा. तिथंही हीच चर्चा, अमुक एवढा मोठा खेळाडू पण शेवटच्या मिनिटाला कुठं जातो. मोठमोठे जाणकार कोट घालून त्यावर भांडतात म्हणे. दादा चष्मा वर करून बघायचा. "शेवटचंच काहून दाखवतेत रे हे? तिथवर टीमले आनलं कोनं?" म्हणायचा आणि मोबाइल परत द्यायचा. त्याच्या आवाजात चीड असायची की नुसती थट्टा, हे मी कान देऊन ऐकायचे, तरी कळायचं नाही.

मग हृदयाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, औषधावर काही काळ निघेल, किती ते सांगता येत नाही. ऑपरेशन केलं तर पुढचं आयुष्य नीट, पण जोखीम आहे. ठरवायचं त्यानंच. नातेवाईक भेटायला येत आणि बाहेर व्हरांड्यात कुजबुजत, प्रभाकर ऐनवेळी माघार घेईल बघा. मला त्यांचा संताप यायचा, आणि खरं सांगते, मनातून मलाही तेच हवं होतं. घेऊ दे माघार. असू दे भित्रा, पण असू दे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी चहा आणायला गेली तेव्हा मी त्याला म्हटलंच, "दादा, भीती वाटत असेल तर नको करू. कोणी काही म्हणणार नाही."

तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "भेव तर वाटूनच राहिलं ना, शोभे. अकोल्याले वाटे तेवढंच वाटून राहिलं." अकोल्याचं नाव त्यानं आपणहून काढलं ते पहिल्यांदाच. "पन ज्या ज्या वेळी बॉल गेला, त्या वेळी बी तेवढंच वाटे. एवढुसं कमी नाई. तो गेला म्हणून तुमाले दिसलं नाई." मग म्हणाला, "गाडीची वेळ झाली तुही, निघ." मी निघाले. दारातून वळून पाहिलं तर तो वहिनीला बिस्किटं मागत होता.

तेराव्यानंतर मैदानाजवळच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चांगले बोलले लोक. पण एक जुने गृहस्थ उठले आणि म्हणाले, असा खेळाडू वऱ्हाडानं पाहिला नाही, मात्र शेवटच्या क्षणी नशिबानं त्याला कधी साथ दिली नाही, आणि आताही… एवढं बोलून त्यांनी मान हलवली. आणि अख्ख्या हॉलनं मान हलवली. मेल्यावरही त्याला त्या रेषेवरून उतरू देत नव्हते. पण त्याहून वाईट शंका माझ्याच मनात होती. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना तोही स्वतःला तेच म्हणत गेला असेल का, की आपला चेंडू जात नसतो? मी मागच्या दारानं बाहेर पडले.

मागे कोर्टवर तो शिकवायचा त्या मुली होत्या. सरांची सभा चालू म्हणून आवाज न करता, पण सराव चालू. संध्याकाळ होत आली होती. तन्वी नावाची उंच मुलगी सगळ्यांना मैदानाभोवती पळवत होती. पळून धापा टाकत एकेक जण रेषेवर येई, दोन चेंडू मारी. गेले तरी आणि हुकले तरी चेंडू पुढचीला देई, चपला घाली आणि सायकल काढून निघून जाई. एका लहानगीचे दोन्ही हुकले, ती रडवेली झाली. मला राहवलं नाही. "अगं, मारू दे ना तिला अजून एक," मी म्हटलं.

तन्वी म्हणाली, "नाही काकू. सरांचा नियम आहे. दिवसाचे शेवटचे दोन, दमल्यावर. मग घरी जायचं. तिसरा नाही." दुसरीकडचे कोच चेंडू जाईपर्यंत मारायला लावतात, तिनं सांगितलं, पण सर म्हणायचे, मॅचमध्ये तिसरा कोण देते?

"आणि सर?" मी विचारलं.

"सर बी मारत ना. रोज. सगळ्यात शेवटी, आमच्यासमोर."

"जात होते?"

"कधी जात, कधी नाही."

"नाही गेले तर काय म्हणायचे?"

तिनं जरा आठवून पाहिलं. "काही नाही. 'चाला, भूक लागली' म्हणत."

मी तिथंच पायरीवर बसले आणि सभेत आलं नव्हतं तेवढं रडू मला आलं. रोज. तो रोज त्याच रेषेवर उभा राहत होता, पोरीसोरींच्या देखत, भीतीसकट, आणि हुकवून घरी जेवायला जात होता. मी आपली वर्षानुवर्षं त्याच्या वतीनं डोळे मिटून बसलेली.

सगळ्या मुली गेल्यावर तन्वीनं चेंडू माझ्यापुढे धरला. आयुष्यभर मैदानाच्या कडेला बसले, पण चेंडू कधी हातात घेतला नव्हता. पदर खोचला, रेषेवर गेले. छाती धडधडत होती, कोण बघत होतं देव जाणे. पहिला बोर्डापर्यंतही पोचला नाही. दुसरा रिंगला लागला, वर उडाला, आणि बाहेर पडला.

"एक दे ग अजून," मी म्हटलं. "एकच. आता अंदाज आला मला."

तन्वीनं चेंडू काखेत धरला. तिचेही डोळे भरले होते. "नाही काकू," ती म्हणाली. "आता घरी."

मी घरी आले. वहिनीनं विचारलं, वाढू का? ताटावर बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. दादा गेल्यापासून मला पहिल्यांदाच भूक लागली होती.