बिल्ड तोडणाऱ्याचे ओठ

शिक्षा माझ्याच डोक्यातून निघाली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कोणीतरी सांगतंच.

आमची कंपनी म्हणजे एरंडवण्यातला भाड्याचा बंगला, त्यात बारा कॉम्प्युटर आणि अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक. दिवसभर ज्याने त्याने लिहिलेला कोड संध्याकाळी सर्व्हरवर चढवायचा, रात्री मशीन तो सगळा एकत्र बांधणार. त्याला म्हणायचं बिल्ड. एकाने जरी चूक चढवली तरी बिल्ड तुटे, आणि सकाळी बाराही जण पंख्याकडे बघत बसत. असं फार व्हायला लागलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, काहीतरी धाक पाहिजे. मी म्हणालो, "तोडेल त्याने संध्याकाळपर्यंत लाल लिपस्टिक लावून बसायचं."

सगळे खिंकाळले. टेस्टिंग करणारी मुलगी तेवढी हसली नाही. "मी रोज लावून येते. मला कसली शिक्षा झालीय?" मुलींनी बिल्ड तोडला तर त्यांनी सगळ्यांना भेळ द्यायची, असा पोटनियम करून आम्ही विषय बदलला.

खरेदीला अर्थातच मला धाडलं. तुळशीबागेतल्या दुकानात बाईंनी विचारलं, "कोणासाठी?"

"ऑफिससाठी."

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझ्या मनगटावर तीन लाल रेघा ओढल्या. मी मधली निवडली. का, ते विचारू नका. "यावर हा ग्लॉस घ्या, चमक येते. नाहीतर कोरडे दिसतात," बाई म्हणाल्या. "ऑफिसचे ओठ."

ग्लॉस दुसऱ्यांदा तोडणाऱ्यासाठी राखून ठेवला.

पहिला बळी कोण, हे सुज्ञ वाचकाने ओळखलं असेलच. एका सोमवारी बिल्ड तुटला. शेवटचा कोड माझा होता. माझ्या शेजारी बसणारा, ज्याच्या डब्यातली बटाट्याची भाजी मी दोन वर्षं खाल्ली, तो सगळ्यांच्या आधी लॉग, म्हणजे मशीनने रात्री लिहिलेली नोंद, वाचून ओरडला, "सापडला!" आणि चूक शोधून काढणाऱ्याचा मान म्हणून लिपस्टिकही त्यानेच लावली. गणपतीचे डोळे रंगवावेत तितक्या मन लावून.

नेमके त्याच दुपारी एक गृहस्थ आले. माझं लग्न जवळपास ठरत आलं होतं. मुलीला मी दोनदा भेटलो होतो, आणि दुसऱ्या भेटीत माझा विनोद माझ्याआधी तिनेच संपवला होता. मला तेवढं पुरेसं होतं. हे तिचे मामा. मुलगा नक्की करतो काय, ते न कळवता बघून येण्याची पद्धत आहे. ते ती पाळायला आले होते.

"आपणच का ते?" मामांनी माझ्या डोळ्यांत बघायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो जमला नाही.

"हो. या ना. बसा."

"काही कार्यक्रम आहे का आज?"

"नाही, बिल्ड तुटलाय."

"अच्छा. हे रोज असतं?"

"छे छे! तुटला तरच."

"अस्सं. आणि पगार याचाच मिळतो?"

चहा नको म्हणाले. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. अहो, पत्रिका जुळवूनच तर आम्ही भेटलो होतो!

शेजारच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा शेडचा नंबर विचारून गेले का रे?"

त्या संध्याकाळी मी सोमवारचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचून काढला. याने सगळ्यांच्या सामायिक फाइलीत न सांगता बदल केला होता, म्हणून माझा कोड आपटला होता. आणि त्या सोमवारी सकाळी आम्ही येण्याआधी त्याने फाइल गुपचूप पूर्ववत करून ठेवली होती. म्हणजे बिल्ड याचा, ओठ माझे, आणि मुलगी गेली ती गेलीच. मी ठरवलं, हाच लाल रंग याच तोंडावर बघितल्याशिवाय राहायचं नाही. तक्रार करता आली असती. पण तक्रारीने माणूस दिलगीर होतो, हास्यास्पद होत नाही.

सहा आठवडे थांबलो. त्याची भाजी खात राहिलो, म्हणजे संशय नको.

साडेपाचला तो टपरीवर चहाला जाई आणि मशीन उघडंच टाकून जाई. एका गुरुवारी मी त्याच्या खुर्चीत बसलो, त्याच्या फाइलीत एक छोटीशी घाण केली, त्याच्याच नावाने चढवली आणि शीळ घालत घरी गेलो. झोपही छान लागली.

सकाळी बिल्ड तुटलेला. मी सर्वांत पुढे. मॅनेजरांनी ती ओळ पडद्यावर उघडली आणि चष्मा वर केला. "हे काय? इथे तर तुझी आद्याक्षरं आहेत."

आमच्याकडे नियम होता, बदललेल्या प्रत्येक ओळीशेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकायची. दोन वर्षं टाकत आलो होतो. चोरी करतानाही बोटांनी इमानदारीत टाकली होती. तारखेसकट.

दुसरा गुन्हा. लिपस्टिक अधिक ग्लॉस. लावणारा पुन्हा तोच.

"तोंड हलवू नकोस," तो म्हणाला. मग हळूच, "काय वैर रे माझ्याशी?"

"त्या सोमवारचा बिल्ड तुझा होता. फाइल परत ठेवलीस तू."

"हो, ठेवली. मग? तेव्हाच बोलायचंस."

"मला कळलं तेव्हा मामा येऊन गेले होते!"

मागे टेस्टिंगवाली उभी होती. तिने त्याच्या हातातली लिपस्टिक काढून घेतली. "तो तुझा होता? बस खाली."

दोन फटक्यांत तिने लावली. रोजचा हात होता. मी खुर्ची फिरवली, मांडी ठोकली आणि सहा आठवडे ज्याची वाट पाहिली ते दृश्य बघायला डोळे लावले.

त्याला ती शोभत होती.

नुसती शोभत नव्हती, खुलून दिसत होती. अकाउंट्समधल्या बाई मुद्दाम बघायला आल्या. मॅनेजर म्हणाले, "अरे वा!" त्याने टेस्टिंगवालीचा आरसा मागितला, मान डावीकडे उजवीकडे केली आणि सहज माझ्या टेबलाकडे हात केला. "तो ग्लॉसही लावून बघू का जरा?"

मी झडप घालून ती नळी मुठीत घेतली. "ग्लॉस दुसऱ्यांदा तोडणाऱ्यालाच. नियम आहे."

"दे की रे."

"नाही म्हणजे नाही."

आणि संध्याकाळी सहापर्यंत मी एकटाच चमकत बसलो.