माझा गुडघा आणि भाचीची ओटी

"दादा, आधी तुझा खडा काढ तिच्या ओटीतून!" भर बाजारात माझी बहीण ओरडत होती, आणि मी घमेलंभर खड्यांत कोपरापर्यंत हात घालून बसलेलो...

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर आपला काडीचा विश्वास न्हाई. अमावस्येला स्मशानात बसून डबा खाल्लेला माणूस आहे मी. दोनदा.

भोकरदनचा आठवडी बाजार, सकाळचे अकरा, भांडेवाल्यांसमोरची मोकळी जागा. भाची प्रणिता संभाजीनगरला चित्रकला शिकते. पण चित्र कुठाय? पोत्यावर बसली, पदर पसरला, शेजारी पाटी – 'एक खडा घ्या. आपलं ओझं मनात म्हणा. ओटीत टाका.'

"ह्यात कला कुठाय गं?" मी विचारलं.

"मामा, लोकांनी हात लावल्याबिगर हे काम पुरंच होत न्हाई. आता जगभर असंच चालू हाय. बघणारा निम्मा कलाकार."

मंग रांग लागली. बाया डोळे पुसून राह्यल्या, एक पैलवान तर दोनदा रांगेत घुसला.

आता माझा डावा गुडघा म्हणजे तालुक्यात गाजलेला. उठलो की असा कट वाजायचा, की तीन घरं पलीकडचं कुत्रं भुंकायचं. मी पांढऱ्या रेघेचा काळा खडा उचलला आणि मोठ्यानं म्हणालो, "घे, माझा गुडघा घे." सगळी रांग हसली.

चहाच्या टपरीवर पोचलो तेव्हा ध्यानात आलं – मी लंगडत नव्हतो. मागं वळलो. प्रणिता उठायला गेली, अन् कट... खाली बसली. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

बहीण ओरडली ती तेव्हा. खडा सापडला. मुठीत धरून "परत दे, परत दे" म्हणालो. काही न्हाई. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, बिलकुल साफ. पुढच्या महिन्यात तिचं नवं काम होतं – जालन्यापासून गावोगाव पायी जायचं, भेटेल त्यानं थोडं सोबत चालायचं. ती आता काठी घेऊन संडासापर्यंत जाते. हे कसं झालं, मला आजही सांगता येत न्हाई.

काल तिच्या खोलीवर गेलो. तिसरा मजला. खडा तिच्यापुढं ठेवला. म्हणालो, "बाई, मनापासून म्हणतो, माझं दुखणं मला परत दे."

तिनं खड्याकडं बघितलं, मंग माझ्या पायांकडं.

"मामा, तुम्ही तिन्ही जिने पळत चढून आलात."