सौदामिनीबाईंची समिती

भोरच्या सौदामिनीबाईंनी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा सासरेबुवांनी विचारलं होतं, "पोरांना जपायचं शिकवणार? त्यात शिकवण्यासारखं काय असतं?" पंचवीसेक वर्षं भोर-वेल्ह्याच्या गावांतून प्रशिक्षणं दिल्यावर बाईंचं मत झालं, की शिकवण्यासारखं पुष्कळ असतं, शिकायचं कोणाला नसतं. लोकांना फक्त फोटो काढून घ्यायचा असतो.

प्रशिक्षण अंगणवाडीताईंचं असो, शिक्षकांचं असो, नाहीतर गावोगावच्या बाल संरक्षण समित्यांचं, तऱ्हा एकच. पाहुणे उशिरा येणार. मग दीपप्रज्वलन, हार, फेटे. 'मुलं म्हणजे देवाघरची फुलं' हे वाक्य म्हणणाऱ्याने सकाळीच स्वतःच्या फुलाला पट्ट्याने बडवलेलं असायचं. उरल्यासुरल्या वेळात बाईंनी सांगायचं, की मुलांना छळणारा बहुधा ओळखीतलाच असतो, मूल बोललं तर खरं माना, पोलिसांना कळवा. तोवर निम्मी सभा जेवणाच्या वासाने उठलेली.

गेल्या हिवाळ्यात बाईंना एक फोन आला. वेल्ह्याकडच्या एका डोंगरवाडीचे सरपंच इंद्रजितराव बोलत होते. सरपंच म्हणून गावच्या समितीचे अध्यक्षही तेच. आवाज असा, जसा काही पोरगा तहसीलदार झालाय.

"मॅडम, आपल्या समितीनं पहिली केस हातात घेतली! तुमी शिकवलं तस्सं पोरीचं ऐकून घेतलं आमी."

"कुठली पोर?"

"चंद्राबाईची प्रगती. धा वर्साची. म्हणती, शेरडं राखाया गेलं की गेनबा अंगाला हात लावतो. आता गेनबा म्हंजी भावकीतला, भजनातला मानूस. म्हणून रविवारी देवळात निवाडा ठेवलाय. दोघं बी बेलभंडारा उचलतील. खोटं आसंल त्येचा हात थरथर कापंल. अध्यक्षस्थान तुमी भूषवायचं!"

"पोर बोलली कधी?"

"झाला की आठवडा."

बाईंच्या डोळ्यांसमोर रविवारचं देऊळ आलं. एवढ्याशा पोरीने अख्ख्या गावासमोर, ज्याने छळलं त्याच्या शेजारी उभं राहून देवाची शपथ घ्यायची, आणि भीतीने हात कापला की तीच खोटी! त्या निबर गेनबाचा हात कशाला कापतोय? असले हात कापत असते तर कायदा कशाला लागला असता!

"इंद्रजितराव, अक्कल घरी ठेवून या असं मी प्रशिक्षणात कधी म्हटल्याचं आठवत नाही," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला आणि पोलिसांना लावला.

दुपारी त्या वाडीवर पोचल्या. सोबत फौजदार सुलक्षणा होती, साध्या पंजाबी ड्रेसात. मूल बिचकू नये म्हणून अशा वेळी वर्दी घालायची नसते. वेशीवरच इंद्रजितराव आडवे आले.

"मॅडम, समितीला न विचारता? आवो, गावातलं गावात मिटलं आसतं."

"मिटलं नसतं, दडपलं असतं. आणि ठाऊक असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच. हे मी शिकवलं होतं. तेव्हा तुम्ही फेटा सारखा करत होता."

इंद्रजितरावांना अचानक शेतावरचं काम आठवलं.

चंद्राबाई दारातच उभी होती. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. "बाई, पाया पडते, परत जावा. भावकी वाळीत टाकंल. शेरडं कुठं चारू मी?"

"पोर बोलल्यावर तू काय केलंस?"

"तिला रानात धाडायचं बंद केलं."

"म्हणजे तुला पटलं. मग आता देवळात आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

चंद्राबाईने पदराने तोंड पुसलं. मग आत वळून हाक मारली, "प्रगते, भाईर ये."

पोर करडू पोटाशी धरून आली. वर बघेना. करडाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मला भंडारा उचलाया लागंल?"

"नाही."

"गेनबाकाका आसंल समोर?"

"नाही. तुला हवी असेल तर आई बसेल. नको असेल तर तीही नाही."

"आई ऱ्हाऊ दे," प्रगती म्हणाली, आणि सांगू लागली. सुलक्षणाने तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

गेनबाला त्याच दिवशी उचललं. रविवारी देवळातला कार्यक्रम मात्र झालाच. त्याच्या भावांनी त्याच्या वतीने भंडारा उचलला, आणि कोणाचाही हात कापला नाही. कोर्ट मात्र असल्या हातांवर चालत नाही. खटला उभा आहे. प्रगती सध्या भोंगवलीला मावशीकडे राहून शाळेत जाते. भावकीने चंद्राबाईशी बोलणं टाकलं, आणि समितीने ठराव केला, की सौदामिनीबाईंना पुन्हा गावात बोलवू नये. एकमताने! एवढं एकमत त्या गावात पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा कधी झालं नव्हतं.

महिन्याभरात बाई पुन्हा तिथेच गेल्या. बोलावण्याची वाट बघणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. चंद्राबाईच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, आणि जाता-येता माना फिरवणाऱ्या भावकीला ऐकू जाईल अशा बेताने, चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, की महाराष्ट्रात माणसाला वाळीत टाकणं हादेखील गुन्हा आहे.