कोरी जागा

फाळणीनंतर उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात मी रेशन कचेरीत कारकून होतो. समोरच्या नळाच्या रांगेत एक सिंधी मास्तर रोज उपड्या बादलीवर बसून वहीत काहीतरी लिहीत असायचे. रांग हलली की पेन्सिल कानावर ठेवून बादली पुढे सरकवायचे.

एकदा मी विचारलंच. तुर्कस्तानातल्या जुन्या थडग्यांवर लिशियन नावाच्या मेलेल्या भाषेत लेख कोरलेले आहेत, त्यांचे अर्थ ते लावत होते. शब्द तीन दगडांवर सापडल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही, हा त्यांचा नियम.

वहीत एका ओळीचा अर्थ अर्धाच लिहिलेला होता. ‘हे थडगं त्याने बांधलं बायकोसाठी, मुलांसाठी आणि’, पुढे जागा कोरी. तिथला मूळ शब्द एकाच दगडावर सापडला होता.

“आईसाठी असेल,” मी म्हणालो. “लिहून टाका की.”

“मुझे भी वही लगता है, बाबूजी,” ते हळूच म्हणाले. “माझी अम्मा तिकडे सिंधमध्येच राहिली. मला सगळीकडे तीच दिसणार. इसलिए नहीं लिखता.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. वही माझ्या हातात देऊन ते पाणी भरायला गेले. मी ते पान उजेडात धरलं. त्या कोऱ्या जागेवरचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता.