कडूबाईच्या हनुवटीवरचा ठिपका

अणदूरच्या स्टँडसमोर शिवानंदचा फोटो स्टुडिओ. माणूस कामाला चोख, पण बूड म्हणून टेकायचं न्हाय. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हा त्याच्या कॉलरवरचं कुसळ काढणार, मग स्टूल सरकवणार, मग मागचा पडदा झटकणार. जेवतानाही ताटाची कड पुसत बसायचा. बायको वैतागून म्हणायची, "अहो, पुसताय काय? गिळा की आता!" असल्या माणसाच्या कॅमेऱ्यातच घाण शिरावी, म्हणजे देवानं चेष्टाच केली म्हणायची.

आता देवाला तरी कशाला बोल लावा? घाण यानंच स्वतःच्या हातानं घातली. खंडोबाच्या जत्रेत येळकोट येळकोट करत लोक भंडारा उधळत होते, आणि या शहाण्यानं त्या पिवळ्या धुरळ्यात उभं राहून कॅमेऱ्याचं भिंग बदललं! आडोशाला जायचा दम कुठाय? आतल्या सेन्सरवर, म्हणजे ज्या काचेवर फोटो उमटतो तिच्यावर, भंडाऱ्याचे कण जाऊन बसले. तेव्हापासनं प्रत्येक फोटोत काळपट ठिपके. रबरी पंपानं हळूच हवा मारायची, तर यानं तोंडानं फुंकर घातली. थुंकी उडाली आणि तिनाचे सात झाले. सोलापूरला साफ करायला द्यावा तर लग्नसराई तोंडावर आलेली. मग बसला कॉम्प्युटरवर एकेक ठिपका पुसत. पुढं पुढं ठिपका दिसला की डोकं विचार करायच्या आत बोट चालायचं.

आणि एका सकाळी रामकिसन आबा दुकानाची पायरी चढून आले. पंचाहत्तरीचा म्हातारा, काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. बायको कडूबाई वारलेली, आज तिचा तेरावा. जत्रेत दोघांचा जोडीनं फोटो निघाला होता. त्यातनंच कडूबाईला वेगळी काढून शिवानंदनं आदल्या दिवशी मोठी फ्रेम करून दिली होती. तिचा दुसरा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, तोही काळा ठिक्कर.

आबांनी फ्रेम काउंटरवर ठेवली. "शिवानंदा, ही आमची न्हाय."

"असं कसं आबा? शेजारी तुम्हीच उभे होता की!"

"नाक तिचं हाय. डोळं तिचं हायत. पर ही ती न्हाय." म्हाताऱ्यानं स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं. "हितलं गोंदण कुठं गेलं?"

शिवानंदला आता आठवलं. हिरवट, कडा विरलेला एक ठिपका. त्यानं तो पुसला होता, पुसून मान वाकडी करून बघितलंही होतं, झ्याक झालंय म्हणून! त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

"आबा, म्याच पुसलं ते. घाण वाटली मला."

आबांनी टॉवेलाची नीट घडी घातली आणि काखेत मारली. शिवानंदला हेच जास्त लागलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घड्याळात सव्वादहा वाजलेले. अकराला लाईट जाणार, बाराला पाव्हणे जमणार. मूळ फोटो कॉम्प्युटरवर सापडेना. शिवानंद खुर्चीवरनं उठायचा, बसायचा, पाणी प्यायला तांब्या उचलायचा आणि तसाच ठेवायचा. पंचवीस मिनिटांनी फोटो सापडला. मोठा करून बघतो तर हनुवटीवर दोन ठिपके! दोन्ही तेवढेच, दोन्ही मळकट. एक कडूबाईचा, एक सेन्सरवरचा. आता कुठला ठेवायचा?

सेन्सरवरची धूळ जागा सोडत न्हाय, प्रत्येक फोटोत तिथंच उमटते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याच जत्रेतला पुढचा फोटो उघडायला तो धडपडला. तेवढ्यात मागनं आबांचं बोट आलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर डावीकडच्या ठिपक्यावर टेकलं.

"ह्यो."

पुढचा फोटो उघडला. उजवीकडचा ठिपका देवळाच्या भिंतीवर तसाच, त्याच जागी. डावीकडं काही न्हाय. म्हाताऱ्याचं बरोबर होतं.

"एवढं नेमकं कसं वळखलं आबा?"

"बघायला गेलतो तवा डोईवरनं पदर पार खाली वढलेला. तोंड कुठलं दिसतंय! तेवढी हनुवटी दिसली, आन् त्यो ठिपका. तेवढ्यावरच म्या व्हय म्हनलं." आबांनी दुसऱ्या ठिपक्याकडं बघितलं. "आन् ह्यो काय?"

"भंडारा हाय आबा. जत्रेतला, कॅमेऱ्यात गेलेला. पुसतो की."

"ऱ्हाऊ दे. देवाचा हाय. लई हौसंनं गेलती जत्रंला."

शिवानंदचं बोट शिवशिवलं. आयुष्यात त्यानं डाग ठेवून फोटो दिला नव्हता. कडूबाईला पुन्हा वेगळी काढून झाल्यावर त्यानं उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं प्रिंटचं बटण दाबलं. लाईट जायला पाच मिनिटं असताना कागद बाहेर आला, आणि त्यानं तो फ्रेममध्ये बसवून दिला.

आबांनी फ्रेम दोन्ही हातांत धरली, उजेडाकडं केली. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला कधी नावानं हाक न मारलेला माणूस तो.

"आली," ते म्हणाले. "कडू आली."