फळ्या काढल्यानंतरचं छत

जुळे सोलापुरात परवा शेजाऱ्यांनी स्लॅब टाकला आणि ओल्या सिमेंटच्या वासानं मला आईबरोबर पाहिलेलं कलादालन आठवलं. दुष्काळात आम्ही सांगोल्याहून सोलापुरात आलो, तेव्हा आई त्याच इमारतीवर घमेली वाहायची. त्या इमारतीला भिंती कमी आणि छतच जास्त, उपड्या सुपासारखं वळत थेट जमिनीपर्यंत आलेलं. दालन उघडल्यावर एका रविवारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून मला तिथं घेऊन गेली. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुटं निघालात?" आई म्हणाली, "आत, बघायला." तो बाजूला झाला. आत गार होतं, वार्निशचा वास होता आणि मला न कळणारी रंगीत चित्रं होती. आई मात्र मधोमध उभी राहून वरच बघत राहिली. चष्मेवाले एक गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, चित्रं इकडं आहेत." "व्हय, ती बी बघते की," आई म्हणाली. "पर स्लॅब टाकून झाला आन् आमचं काम सुटलं. तवर खालनं नुसत्या आधाराच्या फळ्याच दिसायच्या. फळ्या काढल्यावर कसं दिसतं, ते बघायचं राहिलं हुतं." गृहस्थांनी मान वर केली आणि तेही छत बघू लागले. निघताना दाराशी अभिप्रायाची वही दिसली. आईला लिहिता येत नव्हतं. मी चौथीत होते. काय लिहू, असं मी विचारलं. "छत चांगलं उतरलंय, म्हणून लिही," ती म्हणाली. मी तसं लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं. शाळेत माझ्या नावापुढं कायम वडिलांचंच नाव लागायचं. आईचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं, हे आता लक्षात येतं.